वाचक विचारतात : व्हाइस सिटीची आमची मराठी साइट कुठं गेली?

प्रश्न : नमस्कार सर, मी बेळगावचा, टिळकवाडीत पहिल्या गेटजवळ राहतो. कॉलेजात असताना 2004-05 च्या सुमारास आम्ही तिघा मित्रांनी जीटीए व्हाइस सिटी या कॉम्प्युटर गेमवर मराठीत साइट काढलेली. कुठलं मिशन कसं मारायचं, गेममध्ये लपवलेली 100 हिडन पॅकेज कुठं कुठं आहेत, सगळं बरहा या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून जिओसिटीज या फुकट साइट काढू देणाऱ्या सेवेवर टाकायचो. निपाणी, खानापूर, कोल्हापूरची पोरं मेल करायची. नंतर सगळे नोकरीला पांगलो. आता पत्ता टाकला तर काहीच उघडत नाही. सगळं गेलं काय? आणि आमचीच बंद पडली का सगळ्यांच्याच?

उत्तर : सगळं गेलं असं लगेच धरू नका, आधी शोधूया.

जिओसिटीज 1994 ला सुरू झालं, 1999 मध्ये याहूनं विकत घेतलं आणि 26 ऑक्टोबर 2009 ला बंद करून टाकलं. लाखो लोकांची पानं होती त्यावर, आणि त्यात गेमच्या फॅनसाइट, म्हणजे चाहत्यांनी काढलेल्या साइट, भरपूर, सुरुवातीच्या काळात तर गेमवाल्यांसाठी टाइम्स स्क्वेअर नावाचा वेगळा मोहल्लाच होता. बंद व्हायच्या आधी आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उतरवून घेतलं आणि 2010 मध्ये टोरंट करून, म्हणजे कुणालाही उतरवता येईल अशी फाइल करून, सगळ्यांना दिलं. त्या पोरांचे उपकार मानावे तेवढे कमीच, कारण त्यांना कुणी पगार देत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं. जुन्या साइटच्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पण बरीच पानं आहेत. तुमचा जुना पत्ता, म्हणजे जिओसिटीज डॉट कॉम आणि पुढं युजरनेम, तिथं जसाच्या तसा टाका, कॅलेंडर येईल, त्यातली 2009 च्या आधीची तारीख निवडा. पत्ता नीट आठवत नसेल तर जुन्या मेलमध्ये, सहीखाली वगैरे, शोधा. तिघांपैकी कुणाकडंतरी सापडेलच.

आता पान सापडलं आणि त्यावर मराठीऐवजी चित्रविचित्र अक्षरं दिसली तर घाबरू नका, मजकूर खराब झालेला नसतो. बरहा मूळ कन्नडसाठी 1998 ला आलेलं, आपल्या भागात त्यावरच देवनागरी पण टाइप व्हायचं, पण तेव्हा बहुतेक लोक युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणारी अक्षरांची पद्धत, वापरत नव्हते, बरहाच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये लिहायचे. म्हणजे आत साठवलेली अक्षरं वेगळी आणि तो फॉन्ट असला तरच त्यांचं मराठी दिसणार. मजकूर कॉपी करून बरहाच्याच फॉन्ट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घ्या. आणि हे काम याच वर्षी करा, कारण असलं जुनं मराठी गूगललासुद्धा मराठी म्हणून सापडत नाही, म्हणजे असून नसल्यासारखं. इंग्रजी फॅनसाइटवाल्यांना हा त्रास कधीच झाला नाही, आपल्या लोकांना दोनदा झाला, एकदा साइट गेली आणि एकदा लिपी.

दुसरं विचारलंत, सगळ्यांच्याच बंद पडल्या का. बऱ्याचशा, हो. आणि लोकांचं गेमवरचं प्रेम आटलं म्हणून नाही, व्हाइस सिटी आजही खेळतात की लोक. झालं असं की 1996 मध्ये क्वेक या गेमच्या प्लॅनेटक्वेक साइटपासून सुरू झालेलं गेमस्पायचं जाळं फॅनसाइटना फुकट जागा द्यायचं, त्या बदल्यात जाहिराती लावायचं, शेकडो पोरांनी त्यावर वर्षानुवर्षं लिहिलं. मग कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, मालक बदलले आणि 2013 च्या फेब्रुवारीत आयजीएन या मालक कंपनीनं गेमस्पाय बंद करायचं ठरवलं. लिहिणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. त्यात 2005 नंतर यूट्यूब आलं, मिशन अडलं की वाचण्यापेक्षा बघणं सोपं. गप्पा आधी ऑर्कुटवर गेल्या, ते 2014 ला बंद, मग फेसबुक, मग डिस्कॉर्ड हे गेमवाल्यांचं गप्पांचं ॲप. साइटवर नवीन माणूस यायचा थांबला की चालवणाऱ्याचा हुरूप जातो, आणि पासवर्ड बहुतेक एकाच्याच खिशात असतो, त्याला पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं, डोमेनचे, म्हणजे साइटच्या नावाचे, पैसे भरायचे राहिले, की दोन-तीन महिन्यांत नाव सुटतं आणि दुसराच कुणीतरी घेऊन त्यावर जुगाराच्या जाहिराती लावतो. मला यातलं सगळ्यात लागतं ते हेच, की पाच-पाच वर्षांची मेहनत एका पासवर्डवर अडकून पडलेली असते.

प्रश्न : जुन्या गेम साइट उघडल्या तर लिहिलेलं दिसतं पण नकाशे, स्क्रीनशॉट दिसत नाहीत. असं का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : कारण चित्रं साइटवर नसायचीच. जागा वाचवायला लोक ती फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटवर ठेवून तिथून जोडायचे. 2017 मध्ये फोटोबकेटनं असं जोडायला वर्षाला जवळजवळ 400 डॉलर मागितले, आणि एका रात्रीत लाखो पानांवरची चित्रं गायब झाली. वेबॅकवर बघा, तिथं कधीकधी मिळतात.

प्रश्न : दादा, मी निपाणीचा, अकरावीला आहे. आम्ही बीजीएमआय, म्हणजे पबजीची भारतातली आवृत्ती, या मोबाइल गेमच्या टिप्स मराठीत लिहितो, सगळं डिस्कॉर्डवर आहे. साइट काढू का फॅनडम या फुकट जागा देणाऱ्या साइटवर विकी, म्हणजे सगळ्यांना मिळून लिहिता येईल असा माहितीकोश? (एक विद्यार्थी वाचक)

उत्तर : मराठीत लिहितोस हे वाचून फार बरं वाटलं, थांबू नको. पण डिस्कॉर्डवरचं गूगलला सापडत नाही आणि वेबॅकला पण उतरवता येत नाही, सर्व्हर गेला की सगळं गेलं. तुझा गेम तर 28 जुलै 2022 ला स्टोअरवरून काढलेला, पुढच्या मे महिन्यात परत आला, त्याआधी 2020 ला पबजीवर बंदी, म्हणजे तुला काही नवीन नाही हे.

फॅनडमवर सुरुवात सोपी आहे, पण बाहेर पडणं अवघड. रुनस्केप या गेमची विकी 2018 ला आणि माइनक्राफ्टची 2023 ला तिथून उठून स्वतःच्या जागी गेली. लायसन्स खुलं असल्यानं मजकूर नेता आला, पण जुनी प्रत फॅनडमवर तशीच राहिली आणि सर्चमध्ये लोकांना तीच आधी दिसायची. म्हणून साधी साइट काढ, युनिकोडमध्ये लिही, चित्रं साइटवरच ठेव. मजकूर कुणीही कॉपी करू शकेल असं खुलं लायसन्स पहिल्याच दिवशी लाव. पासवर्ड तिघांकडं असू दे, त्यातला एक तरी निपाणीतच राहणारा बघ. आणि दर काही महिन्यांनी अख्खी साइट पेनड्राइव्हवर उतरवून घे, शिवाय महत्त्वाच्या पानांचे पत्ते वेबॅकच्या सेव्ह पेज नाऊमध्ये टाक, म्हणजे तिथं त्यांची प्रत राहते, फुकट आहे. पत्ता तयार झाला की कळव, पुढच्या अंकात छापतो.