तारांमधले अंतर आणि बोटांची सोय

प्रश्न : स्टीलच्या तारांच्या गिटारवर बोटांनी वाजवताना माझी बोटे शेजारच्या तारेत अडकतात. ब्रिजवरील (तारा जिथे गिटारच्या अंगाला अडकवतात त्या लाकडी पट्टीवरील) तारांमधले अंतर वाढवता येईल का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : येईल, पण थोडेच. प्रथम ब्रिजवर पहिल्या तारेच्या मध्यापासून सहाव्या तारेच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. अशा गिटारवर ते बहुधा ५४-५५ मिलिमीटर असते, तर बोटांनी वाजवणाऱ्यांना ५७ च्या आसपासचे अंतर सोयीचे वाटते. तारा ब्रिजमध्ये अडकवून ठेवणाऱ्या पिनांची भोके हलवता येत नाहीत. म्हणून हाडाची नवी सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती अरुंद पट्टी) बसवून तिच्यावर बारीक कानशीने उथळ खाचा पाडाव्यात, म्हणजे कडेची तार अर्धा मिलिमीटर बाहेर सरकते. एवढासा फरकही बोटांना लगेच जाणवतो. मात्र खाच पाडण्यापूर्वी तार सैल करून सरकवावी, पेन्सिलीने खूण करावी आणि दोन दिवस वाजवून पाहावे, कारण पहिली तार फार बाहेर गेली तर ती फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) उतरत्या टोकावरून घसरते आणि स्वर तुटतो. आपल्याकडे पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून तारा उंचावतात. सॅडलची उंची तेव्हा ठरवली तर पुढे चुकते. हे काम दिवाळीनंतरच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.