विकण्याआधी एकदा बोट वजनकाट्यावर ठेव

लेझर या एकट्याने चालवायच्या शिडाच्या बोटीबद्दलची तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय. "सेकंडहँड लेझर घेतली, दोन सीझन झाले, सगळे पुढे निघून जातात, जोराचा वारा असला तरी बोट उठतच नाही, लेझर बोअर बोट आहे, विकून हॉबी (जोडबोट, कॅटामरान) घेऊ का?" हे अगदी याच शब्दांत मी 2012 मध्ये म्हणत होतो, तेही मुंबईच्या याच बंदरात. खाली कॉमेंटमध्ये कुणी एंटरप्राइज बोटीला बैलगाडी म्हटलंय, कुणी कीलबोटीला (तळाला जड पातं असलेल्या मोठ्या बोटीला) तरंगता सोफा म्हटलंय, त्या वादात मी येतोच, पण त्याआधी एक सांग. बोट कधी तोलली आहेस का? मास्ट (डोलकाठी), शीड, रडर (सुकाणू) सगळं काढून, नुसता हल, म्हणजे बोटीचं धड?

शीड कसं ट्रिम करायचं, हायकिंग (बोटीबाहेर झुकून तोल सांभाळणं) कसं करायचं ते लिहीत बसत नाही, दोन सीझनमध्ये ते जमलेलंच असणार.

लेझरचा नुसता हल 59 किलोचा असतो. ही बोट मजा देते ती याच एका गोष्टीमुळे, वजन इतकं कमी आहे की बारा-चौदा नॉटचा वारा लागला की ती स्वतःच्या लाटेवर चढते आणि प्लेन व्हायला, म्हणजे पाण्यावर घसरत पळायला लागते. माझी कधी चढलीच नाही. मी आधी स्वतःला दोष दिला, मग शिडाला, नवीन शीड घेतलं, त्यात बरेच पैसे गेले, फरक शून्य. ट्रॉलीवरून खाली आणताना आतून गुडगुड आवाज यायचा. मी ज्या यार्डात बोट ठेवायचो (नाव घेत नाही, उगाच वाद नको) त्यांच्या ऑफिसात जाऊन विचारलं, तर खुर्चीवरून न उठता उत्तर, "जुन्या लेझर अशाच वाजतात, आत एअर बॅग असतात त्या हलतात." मागचा ड्रेन प्लग (आतलं पाणी सोडायचं बूच) काढून बघू म्हटलं तर "तो कंपनीने सील केलेला असतो, हात लावू नका, आटे गेले तर आमची जबाबदारी नाही." मी ऐकलं. माझी सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. ड्रेन प्लग काढण्यासाठीच असतो हे कळायला काही फार अक्कल लागत नाही, पण समोरचा रोज बोटी बघतो म्हटल्यावर आपण गप्प बसतो. आणि हे लोक दरवर्षी 'तपासणी' म्हणून वेगळे पैसे लावायचे! पावतीवर शिक्कासुद्धा असायचा. काय तपासलं हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही, आज सुचतं आणि अजूनही संताप होतो.

शेवटी कंटाळून बोट विकली, मिळेल त्या किमतीला, एका इंजिनिअरिंगच्या मुलाला. महिन्याभराने त्याचा फोन, काका जरा येऊन बघा. गेलो. त्याने हल दोन टायरवर ठेवला होता, नाकाकडची बाजू वर आणि मागची खाली. प्लगवर कुणीतरी सीलंटचा जाड थर फासला होता, तो त्याने ब्लेडने खरवडून काढला आणि प्लग फिरवला. आधी थोडी हवा सुटली, मग चहाच्या रंगाचं पाणी यायला लागलं, बारीक धारेने, कुबट वासाचं, ते थांबेचना. पावणेदोन बादल्या भरल्या. म्हणजे वीसेक लिटर, वीसेक किलो, मी दोन सीझन बंदरभर फिरवत होतो. बोट चढवायला-उतरवायला यार्डाची माणसं असायची त्यामुळे वजन हाताला लागलंच नाही. आणि हे पाणी एका जागी राहत नाही, बोट कलली की कललेल्या बाजूला धावतं, पफ (वाऱ्याचा झोत) आला की मागे जाऊन बसतं, म्हणजे जिथे नको नेमकं तिथे. बोट मेल्यासारखी वाटते ती त्यामुळे.

मग त्याने मास्ट स्टेपमध्ये, म्हणजे डोलकाठी ज्या खड्ड्यात बसते त्यात, काठोकाठ पाणी भरलं आणि म्हणाला बघत रहा. दोन मिनिटांत पातळी हाताच्या बोटाइतकी खाली. गळती तिथेच होती. रेझिन लावून दुरुस्त केली, हल दीडेक महिना उघडा ठेवून सुकवला, पुढच्या सीझनला त्याच बोटीने तो माझ्या पुढे गेला. तीच बोट, तेच मी घेतलेलं शीड.

तर तू आधी हे कर. दोन घरगुती वजनकाटे, एक पुढे एक मागे, वर लाकडी पट्ट्या, दोन्ही आकड्यांची बेरीज. 62-63 पर्यंत आली तर जुन्या बोटीला चालतं, 68 च्या पुढे गेली तर बोट विकू नकोस, आधी पाणी शोध. मास्ट स्टेपची चाचणी कर. प्लगमधून नुसतं तोंडाने हलकं फुंकून सगळ्या सांध्यांना साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले की जागा सापडली. पंप किंवा कंप्रेसर अजिबात नको, सांधा उलेल. डेक पायाखाली दबत असेल तर आतला फोम भिजलाय, ते काम मोठं आहे, त्याला माहितगार माणूसच हवा. मी कोच नाही, बोट दुरुस्त करणारा नाही, अनुभव सांगतोय, तेवढ्यापुरतंच घे.

दुसरं, तू स्वतःचं वजन 62 किलो लिहिलंयस आणि शीड मोठं, 7.06 चौरस मीटरचं. अरे, ते शीड 80 किलोच्या माणसाला जमतं! तुला रेडियल हवं, 5.76 वालं. हल तोच, फक्त शीड आणि मास्टचा खालचा तुकडा बदलायचा. याच हलवर 4.7 चं शीड लावून नेहा ठाकूरने 2023 च्या एशियन गेम्समध्ये रौप्य आणलं आणि मोठ्या शिडावर विष्णू सरवणनने कांस्य. ती बोट बोअर आहे हे मला कुणी सांगू नये.

आता वादाबद्दल. एंटरप्राइज बैलगाडी? हँडिकॅपचे आकडे (बोटींच्या वेगाची तुलना करायचे, आकडा कमी तितकी बोट वेगवान) बघा, लेझर 1100 च्या आसपास, एंटरप्राइज 1120 च्या आसपास, म्हणजे तासाच्या रेसमध्ये मिनिट-सव्वा मिनिटाचा फरक. 1956 चं जॅक होल्टचं डिझाइन आहे, निळी शिडं, दोघांनी मिळून चालवायची, शिकायला आणि शिकवायला माझ्या मते अजूनही तिच्याइतकी गोड बोट नाही. जे/24 या कीलबोटीला सोफा म्हणणाऱ्याने ती चार अनोळखी लोकांबरोबर चालवली असणार. वॉटरलाइन 20 फूट, वजन 1400 किलोच्या आसपास, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जाताना सहा नॉटच्या पुढे ती जाणारच नाही, ते गणितच आहे. पण पाच जण एका ठेक्यात टॅक मारायला (नाक वाऱ्यातून वळवून दिशा बदलायला) लागले की तिची मजा वेगळी. हॉबी 16 सरळ रेषेत सुसाट, वाद नाही, पण तिला डॅगरबोर्ड (पाण्यात सोडायची फळी) नाही, टॅक मारताना जिब (पुढचं छोटं शीड) उलटा धरून नाक वळवावं लागतं, हलक्या वाऱ्यात तर मध्येच उभी राहते. आणि एकट्याने घेणार असशील तर 62 किलोच्या माणसाला उलटलेली हॉबी सरळ होत नाही. गेटवेसमोर लाँच आणि फेरीबोटींच्या रस्त्यात, ओहोटीच्या ओढीत, उलटी बोट घेऊन बसणं हा गमतीचा विषय नाही. मी तरी नको म्हणेन.

आणि हळू म्हणजे बेकार हे ज्यांनी लिहिलंय त्यांच्यासाठी, सुहैली ही शिडाची बोट मुंबईतच बांधलेली, सागवानी, 32 फुटी. 1968 मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन तीच घेऊन एकटा, न थांबता जगाला फेरी मारायला निघाला, 312 दिवस लागले. त्या शर्यतीत तिच्याहून वेगवान बोटी होत्या, पण फेरी पूर्ण करून आली ती एकटी सुहैली. हळू बोट आणि कंटाळवाणी बोट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुझी बहुतेक यातली कुठलीच नाही, ती फक्त भिजलेली आहे.

जाता जाता, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सकाळच्या मतलई वाऱ्यावरून बोटीची परीक्षा करू नकोस, तेव्हा बंदरात कुठलीच बोट पळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोननंतरचा खारा वारा पकड. आणि प्लग काढताना यार्डातलं कुणी आडवं आलं तर बोट तुझी आहे, त्यांची नाही, हे तोंडावर सांग. बेरीज किती आली ते इथे टाक, 68 च्या वर असेल तर मास्ट स्टेपचा फोटोही टाक, मी बघतो.