फवारा, बोअर आणि धुऱ्यावरचं गवत : वाचकांचे प्रश्न

पोळा जवळ आला की पत्रांचा रोख बदलतो. उन्हाळ्यात पाण्याबद्दल लिहिणारे आता फवारणी, ताप आणि चाऱ्याबद्दल लिहू लागतात. मी पशुवैद्य आहे, तरी यातली निम्मी पत्रं माणसांच्या दुखण्याची असतात. त्याचं मला आश्चर्य वाटत नाही. बैलाचं दुखणं घेऊन आलेल्याला मी घरच्या लेकरांबद्दल विचारतो आणि लेकराचं सांगणाऱ्याला गोठ्याबद्दल. एका बोअरचं पाणी पिणाऱ्या घरात निदानाचा निम्मा रस्ता असा गोठ्यातून जातो.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माहा भाऊ पऱ्हाटीले (कपाशीले) फवारा मारून आला की त्याले मळमळते, डोक्स दुखते, डोळ्यापुढं अंधारी येते. माय म्हंते दूध पाज, उतरून जाईल. मागच्या आठवड्यात धुऱ्यावरचं (बांधावरचं) गवत खाल्लं तं गोऱ्ह्याच्या तोंडातून बी लाळ गळत होती. दोघाइले एकच झालं का? (कळंब तालुका)

बहुतेक हो, एकच झालं. पण कोणतं औषध मारलं ते तुम्ही लिहिलं नाही, आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं. शरीरात मज्जातंतूचा निरोप स्नायूला पोचला की तो निरोप पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) असतं, कोलिनेस्टरेज. हे विष त्या विकरालाच बांधून ठेवतं. मग निरोप पुसला जात नाही आणि ग्रंथी, स्नायू सारखे चालूच राहतात. लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, अंगावर बारीक फडफड, छातीत कफ, आणि बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. गोऱ्ह्याची लाळ आणि भावाची मळमळ इथे एका जागी येतात. उताराही दोघांचा एकच आहे, ॲट्रोपिन, फक्त मात्रा वेगळी.

आता दुधाचं. आईला माझा नमस्कार सांगा, पण दूध, तूप, तेल काहीच पाजू नका, मिठाचं पाणी पाजून उलटीही काढू नका. गुंगीत असलेल्या माणसाची उलटी फुप्फुसात गेली तर विषापेक्षा तीच आधी जीव घेते. फवारणीतलं विष मुळात पोटातून कमी आणि कातडीतून जास्त जातं. म्हणून आधी कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंघोळ घाला, केस आणि नखंही धुवा. अंघोळ घालणाऱ्याने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. मग १०८ला फोन, आणि औषधाची बाटली डॉक्टरकडे सोबत न्या. बाटली का? कारण सगळी विषं एका जातीची नसतात. सायपरमेथ्रिनसारख्या औषधाने अंगाची आग होते, मुंग्या येतात, आणि त्यावर ॲट्रोपिन हा उतारा नाही. पॅराक्वाट या तणनाशकावर तर उताराच नाही. लेबल पाहिल्याशिवाय डॉक्टर अंधारात चाचपडतो.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना भरती करावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, म्हणजे फवारा खाली पडायच्या ऐवजी तोंडावर येत होता. हवा दमट, अंगावर घाम, आणि एका टाकीत दोन-तीन औषधांची खिचडी. घामाने ओली, तापलेली कातडी विष जास्त ओढते हे तेव्हा फार जणांना जीव देऊन कळलं. त्यानंतर मास्क-हातमोज्यांच्या किटचं वाटप झालं. चांगलं झालं. पण अशा दमट उकाड्यात, रबरी बूट आणि प्लास्टिकचा कोट घालून दिवसभर पंप पाठीवर वाहून दाखवा असं मी सल्ला देणाऱ्यांना नेहमी म्हणतो. मजुराला दोष देणं सोपं आहे. माझा आग्रह वेळेवर आहे: फवारा सकाळी दहाच्या आत किंवा ऊन कलल्यावर, वारा पाठीमागून, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, तोंडाला फडकं नव्हे तर मास्क, आणि एका माणसाला सलग दुसऱ्या दिवशी पंप देऊ नये. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका. हे सांगावं लागतं कारण मी पाहिलेलं आहे.

गोऱ्ह्यासाठी: फवारलेल्या वावराच्या धुऱ्यावरचं, विशेषतः वारा जिकडे वाहतो त्या बाजूचं गवत कापू नका. लेबलवर पीक तोडण्याआधी किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं. चाऱ्यालाही निदान तेवढेच दिवस धरा. पंप नाल्यात धुऊ नका, तिथेच दुपारी गावची म्हसरं उतरतात. आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन वैरणीच्या पाण्याला वापरणं आजच बंद करा. कितीही धुतला तरी तो पाण्याचा डबा होत नाही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाचे नवे दात पिवळट-तपकिरी, चट्ट्यांचे येत आहेत. घरातला बैलही बसला की लवकर उठत नाही. पाणी बोअरचं आहे, पण मी ते रोज उकळून देते. (केळापूर तालुका)

ताई, उकळणं थांबवा. निदान या कारणासाठी तरी थांबवा.

उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट पाणी आटतं आणि राहिलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण थोडं वाढतं. केळापूर, झरी जामणी, वणी या पट्ट्यात खडकातूनच पाण्यात फ्लोराइड उतरतं, आणि साधारणपणे जितकं खोल बोअर तितकं पाणी खडकाच्या संगतीत जास्त दिवस राहिलेलं असतं. पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर जास्तीत जास्त १.५. त्यापुढे गेलं की दात आधी बोलतात, हाडं नंतर. साधारण आठ वर्षांपर्यंत हिरडीच्या आत पक्क्या दातांचं कवच तयार होत असतं. त्या काळात जे पाणी पोटात जातं त्याचे डाग दातावर उमटतात आणि ते पुसले जात नाहीत. पण जे दात अजून यायचे आहेत ते आज पाणी बदललं तर वाचू शकतात. धाकटं भावंड असेल तर त्याचा फायदा आणखी मोठा.

बैलाच्या बाबतीत मी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय खात्री देणार नाही. लंगडण्याची दहा कारणं असतात. पण त्याचा खालचा ओठ खाली करून समोरचे दात बघा. तपकिरी पट्टे, वेळेआधी झिजलेले दात, पायाच्या हाडांवर कडक गाठी, थंड पाणी पिताना थबकणं, यातलं काही दिसलं तर बोअरवरचा संशय पक्का धरा.

करायचं काय? ग्रामपंचायतीकडे पाणी तपासायचा फील्ड टेस्ट किट असतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या बायकांनाच तो वापरायचं शिकवलेलं आहे. त्यांना विचारा. किटने फ्लोराइड दाखवलं तर जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना पाठवून आकडा लेखी घ्या, कारण लेखी आकड्याशिवाय ग्रामसभेत कोणी ऐकत नाही. जुनी उघडी विहीर असेल तर तीही तपासा. अनेकदा तिच्यात फ्लोराइड कमी असतं, आणि तिचं पाणी मात्र जंतूंसाठी उकळावंच लागतं. तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड खाली बसवायची नळगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केली. गावपातळीवर ती चालते, पण मात्रा मोजून घालणारं जबाबदार माणूस लागतं. मुलाला दूध, दही, तीळ, आवळा, लिंबू द्या. चहा देऊ नका, चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं.

प्रश्न : आमचं गाव खारपाणपट्ट्यात. घरी आर.ओ. बसवलं. मशीनमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून म्हशींना देतो. आणि गावात किडनीचे पेशंट वाढलेत, त्याबद्दलही लिहा. (दर्यापूर तालुका)

भाऊ, आधी म्हशीचं. मशीनमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात तुम्ही न प्यायलेले सगळे क्षार जमा झालेले असतात. तुम्ही गोड पाणी पिता आणि तिला दुप्पट खारं देता. क्षार एका लिटरला ३००० मिलिग्रॅमच्या आत असतील तर म्हशीचं निभतं. त्यापुढे जुलाब, दूध कमी, आणि गाभण म्हशीला त्रास. पूर्णाथडी म्हैस याच पट्ट्यातली, इथल्या पाण्याला पिढ्यानपिढ्या सरावलेली. तिलाही याची गरज नाही. ते पाणी फरशी पुसायला, संडासाला वापरा. झाडांनाही घालू नका, आपली काळी माती आधीच क्षारांनी घट्ट झालेली आहे.

एक गैरसमज सगळ्या पट्ट्यात पसरलाय. जार विकणारा टीडीएस मीटर बुडवतो, आकडा कमी दाखवतो आणि पाणी शुद्ध झालं म्हणतो. तो मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांची बेरीज सांगतो. त्यात नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे कळत नाही, जंतू तर नाहीच नाही. जार कोणत्या टाकीतून भरला आणि तो आतून कधी धुतला, हे विचारा.

किडनीबद्दल: अकोला, अमरावती, बुलडाणा या पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांत किडनीचे रुग्ण जास्त असल्याची तक्रार जुनी आहे. सगळा दोष पाण्यावर टाकून मोकळं होणं मला पटत नाही. खारं म्हणून माणूस पाणी कमी पितो, उन्हात दिवसभर निंदण-डवरणी करतो, लघवी दाट होते, खडे होतात. संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून वेदनाशामक गोळी घेतो, महिनोन्‌महिने. सुकलेल्या शरीरात ती गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते. रक्तदाब आणि साखर तपासलेली नसतेच.

या गोळ्यांतली एक, डायक्लोफेनॅक, आम्हा पशुवैद्यांच्या चांगल्याच परिचयाची. पूर्वी ती गुरांना सर्रास टोचली जायची. ते जनावर मेलं की गिधाडं त्याचं मांस खायची, त्यांच्या किडन्या निकामी व्हायच्या आणि युरिक आम्लाचा पांढरा थर काळजा-यकृतावर साठून ती मरायची. भारतातल्या काही जातींची नव्वद टक्क्यांहून जास्त गिधाडं अशी संपली. २००६ मध्ये गुरांसाठी हे औषध बंद झालं. पण तोवर मेलेली गुरं साफ करणारं गिधाड गेलं, ढोरफोडीच्या जागी मोकाट कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजची भीती. माणसाची किडनी गिधाडाइतकी हळवी नाही. तरीही रोजच्या रोज गोळी खाणाऱ्याने वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ताची तपासणी) आणि रक्तदाब तपासून घ्यावा.

प्रश्न : पावसाळा सुरू झाला, पण कूलर अजून खिडकीतच आहे. काही बिघडतं का? (कारंजा तालुका)

टाकीत पाणी आहे का? असेल तर डेंग्यूच्या डासांची पैदास सुरू आहे. पाणी काढा, टाकीच्या कडा घासून घ्या, कारण अंडी कडेला चिकटून कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात. वाळ्याच्या जुन्या ताट्या फेकून द्या. गोठ्यातल्या दोणीतलं पाणीही आठवड्यातून एकदा पूर्ण उपसा.

प्रश्न : पावसाने वीस दिवस दडी मारली, मग एक सर आली. ज्वारीला हिरवे फुटवे आले म्हणून गाय सोडली. अर्ध्या तासात गेली. तिची वासरं वाचली. चारा घरात आहे, काय करावं? (बार्शीटाकळी तालुका)

गाय गेल्याचं वाईट वाटलं. घरच्या माणसाइतकंच ते नुकसान असतं, हे मला माहीत आहे.

ताण बसलेल्या कोवळ्या ज्वारीत, आणि विशेषतः त्यानंतर पावसाने फुटलेल्या पोंग्यांत, सायनाइड तयार करणारं द्रव्य सगळ्यात जास्त असतं. जनावराने चावलं की ते मोकळं होतं. रक्तात प्राणवायू असतो पण पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लालभडक दिसतं, जनावर धापा टाकतं, आडवं पडतं. सोडियम थायोसल्फेट वेळेत शिरेतून टोचलं तर वाचतं, पण हा खेळ मिनिटांचा आहे. १९६२ या क्रमांकाची फिरती पशुवैद्यकीय गाडी किंवा जवळचा दवाखाना, जे आधी मिळेल ते.

ज्वारी फुलोऱ्यावर आल्याशिवाय हिरवी चारू नये. कापून चांगली वाळवली की हे विष उडतं, म्हणून कडब्याची भीती बाळगू नका.

पण तुमच्या शेताला युरिया भरपूर पडला असेल तर दुसरा धोका आहे, नायट्रेटचा, आणि तो वाळवल्याने जात नाही. दुष्काळात तो ताटाच्या खालच्या भागात साठतो. गुराच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहणं सोडून देतं. अशा वेळी रक्त चॉकलेटी रंगाचं दिसतं आणि उतारा मिथिलिन ब्लूचा असतो. गाय पडल्यावर रक्ताचा रंग बघितला असेल तर तो डॉक्टरांना जरूर सांगा. मेलेल्या गायीपेक्षा वासरांच्या कामी येईल. उरलेला चारा देताना बुडख्याचा वीतभर भाग कापून टाका आणि दुसऱ्या वैरणीत मिसळून थोडाथोडाच द्या.

हे सांगताना विहिरीबद्दल विचारल्याशिवाय राहवत नाही. उकिरडा विहिरीला लागून आहे का? शेणमूत आणि युरिया मुरून तेच नायट्रेट पिण्याच्या पाण्यात उतरतं. मर्यादा एका लिटरला ४५ मिलिग्रॅमची. मोठ्यांचं निभून जातं, पण सहा महिन्यांच्या आतलं बाटलीचं दूध पिणारं बाळ त्याच पाण्याने ओठांवर निळं पडू शकतं. अंगावर पाजत असाल तर हा धोका जवळजवळ नाहीच. आणि हो, इथेही उकळून काही होत नाही.

प्रश्न : वडील गवत कापायला जातात. आठ दिवस ताप, डोकं फुटायची पाळी. मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह, सलाइन आणि इंजेक्शनं झाली, उतार नाही. गोठ्यातून आला असेल का? (काटोल तालुका)

बहुधा गोठ्यातून नाही. वडिलांचं अंग आजच नीट बघा: काख, कंबर, जांघ, गुडघ्यामागे, बेंबीजवळ. बिडीने भाजल्यासारखा काळा, न दुखणारा खपला दिसला तर स्क्रब टायफसचा दाट संशय घ्या. २०१८ मध्ये नागपूर विभागात याची मोठी साथ आली होती, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हाच त्याचा हंगाम. गवतातल्या बारीक कोळी-किड्याची पिलं चावतात, एवढी बारीक की दिसत नाहीत. ती मुळात उंदरांवर जगतात. माणूस मध्ये सापडतो. गायी-म्हशींपासून किंवा माणसापासून माणसाला हा ताप लागत नाही.

खपला सगळ्यांनाच दिसतो असं नाही. न दिसला तरी डॉक्टरांना "गवत कापायला जातात" हे शब्द सांगा. कार्डावर लिहिलेल्या तापापेक्षा ते जास्त उपयोगाचे आहेत. सेफ्ट्रिॲक्सोनसारखी नेहमीची इंजेक्शनं यावर चालत नाहीत. डॉक्सिसायक्लिन ही स्वस्त, सरकारी दवाखान्यात मिळणारी गोळी चालते, बहुधा दोन दिवसांत ताप उतरतो. गरोदर बाईला ॲझिथ्रोमायसिन देतात. उशीर झाला तर फुप्फुस, किडनी, मेंदू धरतो, म्हणून आठवा दिवस उलटल्यावर वाट बघू नका. धाप किंवा बडबड सुरू झाली असेल तर सरळ नागपूरला न्या.

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात घाला, गवताच्या भाऱ्यावर टेकू नका, पूर्ण बाह्या आणि पायात बूट घाला. घराच्या भिंतीला लागून रचलेला भारा आणि त्यात वाढणारे उंदीर, दोन्ही हलवा.