चेपणे म्हणजे काय? दाबणे आणि चेपणे एकच का?

अगदी एकच नाही. बटण आपण दाबतो, चेपतो असं कुणी म्हणत नाही. चेपताना जोर परत परत नाहीतर सगळीकडनं पडतो आणि बऱ्याचदा वस्तू दबून बसते. आमच्या सांगलीकडं आजीचे पाय चेपून देतात, पोत्यात भुसा चेपून भरतात, एस्टीच्या गर्दीत डबा चेपला म्हणतात. मला सगळ्यात आवडतं ते 'भीड चेपणे', म्हणजे नवीन सून आधी गप्प गप्प असते आणि मग चार दिवसांनी सासऱ्यांशी पण मोकळं बोलायला लागते, तेव्हा म्हणायचं आता हिची भीड चेपली. पेपरात दिसणारी गळचेपी पण यातलीच, गळा चेपणे, बोलूच न देणं. आणि मटणावर ताव मारला की 'दाबून हाणलं' म्हणतात, तिथं 'चेपलं' पण चालतंय.