दोन थरांमध्ये किती तापवायचं?

प्रश्न: स्क्रीन प्रिंटिंगमध्ये काळ्या टी-शर्टवर पांढरा अंडरबेस (रंगाखालचा पहिला थर) मारून त्यावर लाल छापतो. चार धुण्यांत लाल रंग पापुद्र्यासारखा सुटतो, पांढरा मात्र घट्ट राहतो. लाल शाई बदलू का?

उत्तर: शाई बदलून फरक पडणार नाही; मला दोष फ्लॅशचा, म्हणजे दोन थरांच्या मध्ये वरून दिलेल्या थोडा वेळच्या आचेचा वाटतो. पांढरा थर तुम्ही मध्येच पूर्ण पक्का करताय. प्लास्टिसॉल (उष्णतेनेच पक्की होणारी प्लास्टिकयुक्त शाई) साधारण ८० ते १२० अंश सेल्सिअसला आळते, पक्की व्हायला बहुतेक शाईंना १६०च्या आसपास तापमान लागतं. मधल्या फ्लॅशमध्ये ती फक्त आळायला हवी. थर अर्धकच्चा असला तरच वरची शाई त्याला धरते आणि शेवटच्या ड्रायरमध्ये दोन्ही एकजीव होतात. पाच सेकंदांपासून सुरू करा, एकेक सेकंद वाढवा आणि प्रत्येक वेळी बोट हलकेच टेकवा. शाई बोटाला लागू नये, पण किंचित चिकट जाणवावी. तिथेच थांबा. पांढरा थर जाड असेल तर वेळ थोडा जास्त लागेल, म्हणून आधी स्क्वीजीचा (शाई ओढायच्या रबरी पट्टीचा) दाब आणि मेश (स्क्रीनच्या जाळीची वीण) ठरवून घ्या, सेकंद नंतर.

प्रश्न: सकाळी आठ सेकंदांत काम छान होतं. दुपारपर्यंत तेवढ्याच वेळात दुसरी स्क्रीन शर्टला चिकटायला लागते.

उत्तर: पॅलेट, म्हणजे शर्ट ज्यांवर चढवता त्या फळ्या, तापलेत. आता शर्टला वरून फ्लॅशची आणि खालून पॅलेटची अशी दुहेरी आच लागते. गरम थरावर स्क्रीन टेकली की जाळीतली शाईही आळू लागते. पॅलेट तापत जातील तसे सेकंद कमी करा आणि फ्लॅशनंतर पुढचा रंग मारण्याआधी कापड थोडं निवू द्या. पंख्याचा झोत पुरतो. सकाळी काम सुरू करण्याआधी रिकामे पॅलेट फ्लॅशखाली तापवून घेतले, तर दिवसभरातला फरक बराच कमी होतो.

प्रश्न: वॉटरबेस शाईलाही हेच सेकंद चालतील?

उत्तर: नाही. तिथे पाणी उडून जावं लागतं, त्यामुळे नुसत्या उष्णतेपेक्षा हवा खेळती असलेला फ्लॅश बरा. वेळही जास्त लागतो. तेवढ्यात स्क्रीनमधली शाई सुकू नये म्हणून जाळी शाईने भरून ठेवा.

प्रश्न: लाल पॉलिस्टर जर्सीवर पांढरा रंग गुलाबी होतो.

उत्तर: उष्णतेने कापडाचा रंग वर चढतोय. कमी तापमानाला पक्की होणारी शाई घ्या, खाली ब्लॉकर थर (कापडाचा रंग अडवणारा) द्या आणि फ्लॅश शक्य तितका थोडा ठेवा. गुलाबी छटा कधीकधी दुसऱ्या दिवशी उमटते, म्हणून नमुना रात्रभर ठेवून मगच पूर्ण ऑर्डर छापा.