‘बाबा, तुम्हाला नाही कळणार’

पत्र : मी पंचायत समितीत लेखा विभागात वरिष्ठ सहायक आहे. मुलगी एसवायबीएला, विषय राज्यशास्त्र. रात्री एक-एक वाजेपर्यंत मोबाइलवर अमेरिकेचं राजकारण बघत असते. परवा मी सहज विचारलं, तिथला राष्ट्राध्यक्ष एवढा ताकदवान म्हणतेस, मग सरकारच महिनाभर बंद कसं पडतं? तर म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला नाही कळणार.’ मॅडम, या नादातून पोटापाण्याचं काही निघेल का? की आत्ताच स्पर्धा परीक्षेच्या क्लासला घालू? – एक पालक, तासगाव

सप्रेम नमस्कार.

करिअरचं मागाहून बघू. आधी लेकीचं ते वाक्य खोडून काढते, कारण घरात हे सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं असेल तर ते तुम्हाला.

ठेकेदाराचं बिल तुमच्या टेबलावर आलं. मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, अभियंत्याची सही आहे, बीडीओ साहेबांचीही आहे. पण त्या लेखाशीर्षाखाली तरतूद शिल्लक नाही. तुम्ही काय करता? शेरा मारून बिल परत. बाहेर ठेकेदार कितीही तणतणू दे. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात हा शेरा लिहून ठेवलाय : कायद्यानं तरतूद केल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही. हा कायदा करते काँग्रेस, म्हणजे तिथली संसद. प्रतिनिधिगृहात 435 सदस्य, सिनेटमध्ये 100. दोन्हीकडे एकच विधेयक शब्दाला शब्द जुळून मंजूर व्हायला हवं, वर राष्ट्राध्यक्षाची सही. सही नाकारली तर दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवूनच त्याला डावलता येतं.

त्यांचं मार्च एंड 30 सप्टेंबरला असतं. 2025 मध्ये ती तारीख उलटली, तरतूद मंजूर झाली नाही आणि 1 ऑक्टोबरपासून 43 दिवस सरकारचा बराचसा कारभार ठप्प होता. गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृह आणि सिनेट, तिन्हीकडे रिपब्लिकन पक्षच होता. तरी अडलं, कारण सिनेटमध्ये अशा विधेयकावरची चर्चा थांबवून मतदान घ्यायलाच 60 मतं लागतात, आणि तेवढी त्यांच्याकडे नव्हती. हा साठचा आकडा घटनेत कुठेही नाही. सिनेटनं स्वतःपुरता केलेला नियम आहे. लेकीला हे माहीत आहे का, जरूर विचारा.

आपल्याकडे असं का होत नाही? लोकसभेनं पैसे नाकारले तर सरकारच पडतं. वेळ कमी असेल तर लेखानुदान, म्हणजे पूर्ण बजेट मंजूर होईपर्यंतच्या खर्चाची आगाऊ मंजुरी, घेऊन काम भागवतात, ते तुम्हाला मी काय सांगणार. तिथे मात्र राष्ट्राध्यक्षाची चार वर्षांची मुदत ठरलेली. काँग्रेस त्याच्यावर अविश्वास आणू शकत नाही, तो काँग्रेस बरखास्त करू शकत नाही. महाभियोग आहे, पण तो गंभीर गैरवर्तनासाठी. बजेटवरून भांडण झालं म्हणून नाही. त्याचे मंत्रीसुद्धा काँग्रेसचे सदस्य असू शकत नाहीत. म्हणजे दोन बिऱ्हाडं एकाच वाड्यात, सामाईक दाराला दोन कुलपं, आणि किल्ल्या वेगवेगळ्या कमरेला. फिलाडेल्फियात 1787 च्या उन्हाळ्यात बसून ज्यांनी हे लिहिलं ते नुकतेच एका राजापासून सुटले होते. अडलं तरी चालेल, पण कुणा एकाच्या हाती सगळं जायला नको, असा त्यांचा हिशेब.

आपण हा नमुना न वाचता सोडलेला नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत मसुदा मांडताना दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त. इथे प्रश्न, ठराव, अविश्वास यांतून सरकारला रोज हिशेब द्यावा लागतो, आणि मसुद्यानं जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. हे भाषण लेकीनं मुळातून वाचायला हवं. तिच्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा त्यात जास्त ऐवज आहे.

आता तुमचा प्रश्न. नादातून करिअर होतं की नाही हे ती काय बघते यावर ठरत नाही. मी मुलांना एकच गोष्ट विचारते : अमुक निर्णय झाला; तो कुठल्या कागदाच्या जोरावर झाला, आणि तो कोण, कुठल्या कागदानं अडवू शकतो? ज्याला हे सांगता येतं त्याच्या हातात काम आहे. ज्याला फक्त कोण कुणाला काय बोललं एवढंच सांगता येतं, तो प्रेक्षक.

उदाहरण देते. 1952, कोरियात युद्ध चालू, आणि पोलाद कामगार संपावर जाणार. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी 8 एप्रिलला आदेश काढून पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले. मालक कोर्टात गेले. तेव्हा सर्वोच्च न्यायालयातले नऊच्या नऊ न्यायाधीश ट्रुमन किंवा त्यांच्याच पक्षाचे आधीचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नेमलेले. बातम्या बघणारा म्हणेल, निकाल ठरलेलाच. 2 जूनला निकाल लागला सहा विरुद्ध तीन, ट्रुमन यांच्या विरोधात! खुद्द ट्रुमन यांनी नेमलेल्या चौघांपैकी दोघं विरोधी बाजूला, त्यातले टॉम क्लार्क तर त्यांचे जुने ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख. कारखाने ताब्यात घ्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणारा कायदा कुठे आहे, असा प्रश्न होता आणि असा कायदा नव्हता. सरकारनं कारखाने सोडले आणि संप झालाच. तिथले हे न्यायाधीश तहहयात असतात. नेमणाऱ्याकडे पुन्हा हात पसरायची वेळ येत नाही, हेही त्यामागे आहेच.

कागद वाचण्यावरून ग्रेगरी वॉटसन आठवतो. 1982 मध्ये टेक्सासात पदवीला शिकत असताना त्यानं एक निबंध लिहिला : काँग्रेस सदस्यांच्या पगारवाढीबद्दलची 1789 ची एक घटनादुरुस्ती राज्यांकडे पडून आहे आणि तिला मुदत घातलेली नाही, म्हणजे ती अजून जिवंत आहे. त्याला ‘सी’ मिळाला. गडी हट्टाला पेटला, राज्याराज्यांच्या विधिमंडळांना पत्रं लिहीत सुटला. 1992 मध्ये तीन चतुर्थांश राज्यांची संमती पुरी होऊन ती सत्ताविसावी दुरुस्ती झाली. 2017 मध्ये त्याचा ‘सी’ बदलून ‘ए’ केला गेला. मार्कांचं मनाला लावून घेणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट नेहमी सांगते, तुम्ही त्यातले वाटत नाही.

क्लासला आत्ता घालू नका. टीवाय होऊ दे. त्यानंतर माझ्या मते तिची पहिली वाट तीन वर्षांचं एलएलबी, त्यासाठी एमएच-सीईटी लॉ. पुण्या-मुंबईत चांगली सरकारी आणि अनुदानित कॉलेजं आहेत, फी तुमच्या पगारात बसेल. घटनात्मक कायद्याला गिऱ्हाईक कमी असतं, पण सेवाविषयक प्रकरणं, निवडणूक याचिका, जनहित याचिका यांत उच्च न्यायालयात हाच अभ्यास लागतो. एमए, नेट-सेट आणि प्राध्यापकी ही दुसरी वाट. तिथे मी गोड बोलणार नाही. कायम जागा निघता निघत नाहीत आणि तासिका तत्त्वावर उमेदीची वर्षं निघून जातात. यूपीएससी करायचीच असेल तर राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय आहेच, त्यात या वाचनाचा सरळ उपयोग. दिल्लीत खासदारांबरोबर काम करण्याची ‘लॅम्प’ फेलोशिपही आहे, पदवीधरांसाठी, वयाच्या पंचविशीपर्यंत. पदवी हातात आली की अर्ज करायला लावा.

अमेरिकेला शिकायला जायचं तिच्या मनात असेल (असतंच) तर एवढं ध्यानात ठेवा : तिथे वकिलीची सनद केंद्र देत नाही. पन्नास राज्यं, प्रत्येकाचे आपापले नियम. घटनेनं केंद्राला दिले नाहीत ते अधिकार राज्यांकडे, ही दहावी दुरुस्ती. आपल्याकडे शिल्लक अधिकार केंद्राकडे जातात. परदेशी पदवी कुठे चालते, कुठे नाही, हे राज्य बघून ठरतं. आधी इथली सनद, दोन-चार वर्षं प्रॅक्टिस, मग एलएलएम, तेही शिष्यवृत्ती मिळाली तर. त्यासाठी रान विकू नका.

या महिन्यात तिला एक काम द्या. राष्ट्राध्यक्षांचा कुठलाही एक कार्यकारी आदेश उतरवून घ्यायचा. पहिल्या परिच्छेदात साधारणपणे तो कुठल्या कायद्याखाली काढला ते लिहिलेलं असतं. तो कायदा शोधायचा, आणि आदेश त्यात बसतो का यावर एक पान मराठीत लिहून तुम्हाला द्यायचं. तुम्ही ते बिल तपासता तसं तपासा, पेन्सिलनं आक्षेप काढा. आक्षेपांना उत्तर द्यायला ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली, तर मला कळवा. बसली नाही तरी कळवा.

आणि हो, प्रवेशाला आरक्षण लागू होत असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आत्ताच टाका. कार्यालयात फाइल किती दिवस पडून राहते हे तुम्हाला ठाऊक आहे.