क्रिमझन आणि किरमिजी: कोणी कोणाकडून घेतला?

प्रश्न असा आलाय की इंग्रजीतलं क्रिमझन, म्हणजे गडद लाल, आणि आपलं किरमिजी इतकं सारखं कसं, ब्रिटिशांनी आपल्याकडून उचललं की आपण त्यांच्याकडून? तर दोन्ही नाही. दोघांनीही तिसऱ्याकडून घेतलंय.

मूळ आहे अरबी किर्मिझ. भूमध्य समुद्राच्या आसपास ओकच्या एका झुडपावर बारीक किडे असतात, त्यांच्या माद्या वाळवून, कुटून लाल रंग काढायचे, आणि त्या किड्यांचं नाव किर्मिझ. त्यावरून विशेषण किर्मिझी, म्हणजे त्या किड्याच्या रंगाचं. आपल्याकडे ते फारसीमार्गे जसंच्या तसं आलं, शेवटच्या ईकारासकट. तिकडे जुन्या स्पॅनिशमध्ये क्रेमेसिन झालं आणि पंधराव्या शतकात इंग्रजीत पोचलं. तुर्कीत आणि फारसीत तर आजही साध्या लाल रंगाला किर्मिझी, किर्मिझ असंच म्हणतात.

आता अरबीत कुठून आलं? फारसीत किड्याला किर्म म्हणतात, आणि ते आपल्या कृमीचं सख्खं भावंड. काही कोश थेट संस्कृत कृमिज पर्यंत नेतात, म्हणजे किड्यापासून झालेलं, पण मला इराणी वाट जास्त पटते, उगाच सगळं संस्कृतातूनच गेलं म्हणायची गरज नाही. आणि हो, इंग्रजीतलं वर्म (किडा) म्हणजेच कृमी असंही बरेच जण सांगतात, तेही तितकंसं बरोबर नाही, वर्म आणि लॅटिन वर्मिस यांचं मूळ वेगळं धरतात, कृमीच्या मुळाशी त्याचं फक्त यमक जुळतं.

गंमत म्हणजे त्या वर्मिसपासूनच व्हर्मिलियन हे लाल रंगाचं इंग्रजी नाव आलं, छोटा किडा या अर्थाच्या शब्दातून, पण तो रंग म्हणजे आपला हिंगूळ, पारा आणि गंधक मिळून बनलेला, किड्याचा काही संबंध नाही! नुसतं लाल दिसतं म्हणून नाव चिकटलं.

आणि ते वाळलेले किर्मिझ किडे दिसायचे दाण्यासारखे, म्हणून युरोपात त्यांना ग्रेन, म्हणजे दाणा, म्हणायचे. त्यात रंगवलेलं कापड धुऊन धुऊन फिकं पडत नसे, त्यावरून इनग्रेन्ड, हाडीमाशी भिनलेलं. पुढे स्पॅनिश लोकांना मेक्सिकोत निवडुंगावरचा कोचिनील किडा मिळाला, त्यात रंग कितीतरी जास्त, मग किर्मिझचा धंदा बसला. खाण्याच्या पाकिटावर ई १२० हा रंगाचा क्रमांक दिसला तर तो हाच कोचिनील, शाकाहारी मंडळींनी बघून घ्या.